बुडालेल्या जहाजावरील हक्क : ‘मर्सेदेस’ निकालाचें परीक्षण

फुटलेल्या जहाजावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्या इतिहासास नवा नाहीं. १६७४ सालीं रायगडीं आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन यानें, वादळानें किनाऱ्यास लागलेलीं इंग्रजांचीं जहाजें मालासह परत मिळावींत असें कलम मागितलें, तेव्हां कोंकणच्या प्राचीन वहिवाटीविरुद्ध म्हणून त्यास हरकत घेण्यांत आली. तो वाद मालाचा होता. परंतु जुनें जहाज हें माल असून शिवाय ऐतिहासिक साधनहि असतें. या दृष्टीनें अमेरिकन न्यायालयांचा ‘मर्सेदेस’ निकाल तपासणें अगत्याचें वाटतें.

‘मर्सेदेस’ हें स्पेनचें लढाऊ जहाज ५ ऑक्टोबर १८०४ रोजीं पोर्तुगालच्या दक्षिणेस इंग्रज आरमाराशीं लढतांना स्फोट होऊन बुडालें. ओडिसी नामक अमेरिकन कंपनीनें २००७ सालीं तेथून सुमारें सहा लाख नाणीं काढून फ्लॉरिडांतील न्यायालयांत हक्क सांगितला. समुद्रांतून माल सोडविणारास मोबदला मिळावा, ही दर्यावर्दी कायद्याची जुनी रीत तिचा आधार होती. २००९ सालीं न्यायालयानें जहाज स्पेनच्या राजसत्तेचें ठरविलें; २०११ सालीं अपिलांत तेंच कायम झालें; पेरूचा दावाहि टिकला नाहीं; आणि २०१२ सालीं नाणीं स्पेनला पोंचलीं.

निकाल न्याय्य आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. जहाजाची ओळख पटविण्यास स्पेनचीं जुनीं दप्तरें उपयोगीं पडलीं, हें तर संशोधकांस विशेष समाधानाचें होय. तथापि हा निकाल जहाज सरकारी लढाऊ होतें या एकाच खांबावर उभा आहे. खासगी व्यापारी गलबतास ही ढाल मिळती ना. शिवाय नाणीं परत आलीं, तरी तीं तळाशीं कोठें व कशाशेजारीं होतीं हा पुरावा निकालानें परत येत नाहीं. रुमालांतून ओढून काढलेल्या सुट्या कागदाची जी गत, तीच या नाण्यांची.

ही उणीव युनेस्कोचा २००१ सालचा करार काहींशी भरून काढतो. शंभर वर्षें पाण्याखालीं असलेले अवशेष प्रथमतः जागींच राखावे, त्यांचा व्यापार करूं नये, असें तो सांगतो. मात्र मालकीचा निवाडा तो करीत नाहीं, आणि अमेरिका त्यांत सामील नाहीं.

सबब संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, बुडालेल्या जहाजावरचें म्हणून विकावयास आलेलें नाणें, सरकारी परवाना व जागेचीं टिपणें पाहिल्यावांचून घेऊं नये. गिऱ्हाईक मिळतें तोंवर तळ उपसणें थांबणार नाहीं.