मेनेल यांचा स्वयंपाकाचा इतिहास : एक चिकित्सा

इंग्रजांचे जेवण बेचव का, याचे ठरीव उत्तर ‘प्युरिटन पंथाचा प्रभाव’ असे दिले जाते. स्टीफन मेनेल यांनी ‘ऑल मॅनर्स ऑफ फूड’ (१९८५) या ग्रंथात ते अपुरे ठरविले. नॉर्बर्ट एलियास यांच्या सिद्धांताच्या आधारे त्यांनी कारण शोधले ते सत्तेच्या रचनेत. व्हर्सायच्या दरबारात अडकलेल्या फ्रेंच सरदारांना प्रतिष्ठेसाठी खाण्यातही नजाकत दाखवावी लागे. इंग्लंडचा जमीनदार मात्र आपल्या गावच्या वाड्यात रमला. म्हणूनच ला व्हारेन यांचे १६५१ चे पुस्तक सरदारघरच्या आचाऱ्याचे, तर हॅना ग्लास यांचे १७४७ चे पुस्तक घरातील मोलकरणींना समजेल अशा भाषेतले.

हे विवेचन पटते. परंतु ग्रंथाचा मुख्य आधार छापील पाकपुस्तके. आणि छापलेले सारेच चुलीवर चढत नाही. शेतमजुराच्या घरी काय शिजे, हे त्यांतून क्वचितच कळते.

दुसरी उणीव अधिक गंभीर. दोन शेजाऱ्यांच्या तुलनेत समुद्रापलीकडचा हिशेब मागे पडतो. वेस्ट इंडीजमध्ये गुलामांनी पिकविलेली साखर इंग्रज मजुराच्या चहात कशी शिरली, हे त्याच वर्षी सिडनी मिंट्झ यांनी ‘स्वीटनेस अँड पॉवर’मध्ये दाखविले. ग्लासबाईंच्या पुस्तकात तर हिंदुस्थानी पद्धतीच्या ‘करी’चीही कृती आहे! आणि १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढणारे दीन महंमद मूळचे पाटण्याचे होते.