अनामिक सुरांचा शिक्षक

संगीतसमीक्षेत वादकाची थोरवी बहुधा एकाच कसोटीवर ठरते: दोन सुरांत तो ओळखू येतो का? अमेरिकन गिटारवादक टॉमी टेडेस्को (१९३०–१९९७) या कसोटीवर नापास ठरतात. ओळखू न येणे हाच त्यांचा व्यवसाय होता.

नायगारा फॉल्स येथे जन्मलेले टेडेस्को १९५०च्या दशकात लॉस एंजेलिसला आले. पुढे 'रेकिंग क्रू' म्हणून ओळखल्या गेलेल्या स्टुडिओ-वादकांच्या संचातले ते प्रमुख गिटारवादक. 'बोनान्झा'च्या शीर्षकसंगीतातली गिटार त्यांची. तबकडीच्या वेष्टनावर मात्र अशा वादकांची नावे सहसा नसत. मँडोलिन, बाँजो, युकेलेली, संगीतकार मागेल ते टेडेस्को वाजवत. युक्ती अशी, की बहुतेक वाद्ये ते गिटारसारखीच जुळवून घेत.

ही युक्ती कौतुकाने सांगितली जाते. तिची किंमत मात्र कोणी सांगत नाही. मँडोलिनच्या तारा षड्ज-पंचम अंतराने लागतात, गिटारच्या बहुतांशी षड्ज-मध्यम अंतराने. जुळणी बदलली की नाद मँडोलिनचा राहतो, पण सुरांची गुंफण गिटारची होते. तेव्हा टेडेस्कोंचे अष्टपैलुत्व अनेक वाद्यांवरच्या प्रभुत्वात शोधू नये. एकाच वाद्याची पक्की जाण आणि प्रसंगाला नेमके किती पुरेसे आहे याचा अंदाज, यांत ते आहे.

हा अंदाज शिकवता येतो का? टेडेस्कोंनी तो शिकवला. 'गिटार प्लेयर' मासिकातल्या 'स्टुडिओ लॉग' या सदरात ते एकेका ध्वनिमुद्रणाचा हिशेब मांडत: समोर कोणती स्वरलिपी आली, कोणते वाद्य घेतले, अडचण कशी सोडवली, पैसे किती मिळाले. हॉलीवूडच्या गिटार इन्स्टिट्यूटमध्येही त्यांनी शिकवले. त्यात प्रतिभेचे गूढ नव्हते, कामाची रीत होती. वादनात पुसलेली त्यांची मुद्रा या अध्यापनात स्पष्ट उमटली.

आपल्याला हे परके वाटू नये. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले गोमंतकीय वादकही असेच पडद्याआड राहिले. त्यांतल्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, म्हणून ती विद्या पुढे गेली. पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली रोजची रीत आपल्या किती वादकांनी लिहून ठेवली? टेडेस्कोंचे वादन विसरले गेले तरी त्यांचा हा हिशेब उरतो. समीक्षेने आपली कसोटी बदलायला एवढे कारण पुरेसे आहे.