कपाळावरच्या आठ्या

थिओडोर ड्रायझरच्या ‘सिस्टर कॅरी’ (१९००) या कादंबरीतील उपरोध शब्दांत नाही, घटनांत आहे. १८८९ साली अठरा वर्षांची कॅरी चार डॉलर घेऊन शिकागोस येते. तेथील दुकानांतील वस्त्राभरणे तिचे मन हरण करतात. पुढे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तिची कीर्ती होते ती कशाने? एका मुक्या भूमिकेत केवळ कपाळास आठ्या घातल्याने! सुखाचा ध्यास घेतलेल्या या मुलीची नाराजीच प्रेक्षकांस रिझविते. बडे हॉटेल तिच्या नावासाठी तिला अल्प भाड्यात ठेवून घेते. तिच्यापायी घरदार सोडलेला हर्स्टवुड त्याच शहरातील एका हलक्या खोलीत गॅस सोडून प्राण देतो, आणि तिला त्याची वार्ताही नसते. पापाचे फळ पाहू इच्छिणारा वाचक येथे खट्टू होईल. लेखक तिला शासन करीत नाही; झुलत्या खुर्चीत नुसता बसवून ठेवतो.