पंधरा रुपयांचा रॉबिन

जिम कॉर्बेट म्हटलं की आपल्याला वाघच आठवतो. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे त्याचं पुस्तक १९४४ साली मुंबईहून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. पुढे त्याची मराठी भाषांतरं झाली आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती शाळेच्या वयात, अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली असतील. पण मंडळी, माझ्या मते त्या पुस्तकातलं सर्वांत चांगलं प्रकरण वाघावर नाहीच. ते 'रॉबिन' नावाच्या कुत्र्यावर आहे. नरभक्षकांच्या घाईत आपण ते पानं उलटून पुढे गेलेलो असतो. यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यावरच लिहायचं ठरवलं.

याला एक स्थानिक कारणही आहे. समैस्मासारख्या दोह्याच्या उत्तरेकडच्या किनारी गावात राहिलं की शिकारीसाठी जनावर तयार करणं हा विषय आपोआप डोळ्यांसमोर येतो. इथे ससाणा आहे आणि त्याच्या जोडीला सलुकी कुत्रा. सलुकी नजरेने शिकार करतो. लांबवर काही हललं की सुटला! आपल्याकडचे कारवान आणि मुधोळ हाउंड त्याच घाटाचे: सडपातळ, पोट आत गेलेलं, सशामागे धावायला जन्मलेले. पक्ष्यांच्या शिकारीसाठी युरोपात तयार झालेला पॉइंटर अगदी उलट जातीचा. तो नाकाने शिकार करतो, आणि त्याचं मोठेपण धावण्यात नसून थांबण्यात आहे. गवतातल्या तित्तराचा वास आला की तो जागच्या जागी गोठतो. नाक पक्ष्याच्या दिशेला, कित्येकदा एक पाय वर उचललेला. हे गोठणं बरंचसं उपजत असतं. शिकवायचं असतं ते पुढचं. पक्षी भुर्रकन उडाला तरी हलायचं नाही, बंदुकीचा बार झाला तरी हलायचं नाही, मालकाने सांगितल्यावरच जायचं आणि पक्षी न चावता आणून द्यायचा. तोंडाशी आलेला घास सोडून उभं राहायला शिकवणं, असं म्हणा ना!

त्यामुळे शिकवणारे फार सावध असतात. पिल्लाला लांब दोर बांधतात, म्हणजे ते पाठलागाला निघालं तर थांबवता येतं. बाराचा आवाज पहिल्यांदा दुरून ऐकवतात, तोही पिल्लू जेवणात दंग असताना, आणि मग हळूहळू जवळ आणतात. एकदा बाराला भ्यालेलं कुत्रं पुष्कळदा कायमचं वाया जातं. आणि मुख्य म्हणजे, पिल्लाला स्वतःहून पक्षी पकडू द्यायचा नाही. पकडता येतो हे कळलं की ते थांबेल कशाला?

आता कॉर्बेट काय करतो पाहा. टोपलीतल्या सात पिल्लांमधलं सर्वांत मरतुकडं, थरथरणारं पिल्लू तो पंधरा रुपयांना विकत घेतो. कुत्रं स्पॅनियल जातीचं आहे असं विकणारा सांगतो. म्हणजे पॉइंटर नव्हे, पण कामाला पक्ष्यांचंच. काही आठवडे चांगलं खाऊपिऊ घातल्यावर कॉर्बेट त्याला बाराची सवय करायला घेऊन निघतो. बेत असा की थोडं लांब जाऊन एकदोन बार काढायचे. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध! पण वाटेत काटेरी झुडपांतून एक लांडोर उठते आणि हा गृहस्थ, मागे पिल्लू आहे हे साफ विसरून, ती पाडतो. पिल्लू काट्यांत घुसतं. कॉर्बेट वळसा घालून पलीकडे धावतो तर काय, पंख मोडलेली म्हातारी लांडोर मान फुलवून जंगलाकडे चाललेली आणि रॉबिन तिच्या शेपटीला लोंबकळत फरफटत मागे! कॉर्बेट लांडोरीची मान धरून तिला उचलतो, ती पाय झाडते आणि रॉबिन कोलांटी खातो. तो दिवसाचा धडा तिथेच संपतो.

म्हणजे एका सकाळी जवळजवळ सगळे नियम मोडून झाले. ना दोर, ना दुरून बार. पक्षी पिल्लाच्या तोंडात, तोही जिवंत. शिकवणीच्या पुस्तकाप्रमाणे हे कुत्रं बिघडायला हवं होतं. तरीही शिकवण्याबद्दल इतकं खरं लिखाण मी थोडंच वाचलं आहे, कारण कॉर्बेट इथे शिक्षकाचा आव आणत नाही. लांडोरीला मानेने उचलणं हा आपला मूर्खपणा होता असं तो सरळ लिहितो. घरी परतताना जास्त अभिमान कोणाला वाटत होता, पहिला पक्षी घरी नेणाऱ्या रॉबिनला की घाणेरड्या टोपलीतून हिरा निवडणाऱ्या मालकाला, हे सांगणं कठीण असंही तो कबूल करतो. पुढच्या काही दिवसांत तो रॉबिनला लावे, पारवे, क्वचित तित्तर एवढेच पक्षी आणायला देतो. म्हणजे पहिल्या दिवशी झालेला अतिरेक सावरून घेतो, पण त्याचं व्याख्यान देत नाही. नंतर एकदा रॉबिन मालकाची शिट्टी न जुमानता वानराच्या मागे दरीत धावत सुटतो, तेही तो लपवत नाही. शिकवलेलं विसरणारा विद्यार्थी आणि त्याच्यापुढे हतबल झालेला गुरू! क्लासच्या जाहिरातीत हे चित्र कधी दिसत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कॉर्बेट पहिली सकाळ रंगवून सांगतो, आणि मग थोड्याच पानांत तयार रॉबिन आपल्यापुढे येतो, जखमी बिबट्याचा माग नाकाने दाखवणारा. मधल्या शेकडो कंटाळवाण्या सकाळी कुठे गेल्या? तेच ते रोज करणं, कधी मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं, यातलं फारसं काही येत नाही. गोष्ट वेधक होते, पण मधला भाग गाळल्यामुळे रॉबिनचं शहाणपण थोडं दैवी वाटू लागतं. कुत्र्यावरचं प्रेम इथे लेखकाला नडलं आहे.

अर्थात हा दोष एकट्या कॉर्बेटचा नाही. कतारमधल्या ससाण्यांवर युरी आंकारानी या इटालियन दिग्दर्शकाचा 'द चॅलेंज' नावाचा २०१६ चा चित्रपट आहे. निवेदन नाही, संवाद अगदी थोडे. खासगी विमानात ओळीने बसलेले ससाणे, लॅम्बोर्गिनीत मालकाशेजारी बसलेला चित्ता, वाळूच्या टेकड्यांवर उधळणाऱ्या गाड्या, आणि शेवटी स्पर्धेत कबुतरावर झडप. काही दृश्यं थक्क करणारी आहेत. ससाण्याच्या अंगावर कॅमेरा लावून घेतलेलं चित्रण तर विसरता येत नाही. पण चित्रपट संपल्यावर माझ्या मनात एकच प्रश्न राहिला, हा पक्षी शिकला कधी? डोळ्यांवर टोपी चढवून त्याला माणसाच्या हातावर बसायची सवय लावणं, दोरी बांधून थोड्या थोड्या अंतरावरून बोलावणं, पिसांचं आमिष फिरवून परत आणणं, रोज वजन पाहून खाणं ठरवणं, या कामाला चित्रपटात जवळजवळ जागाच नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर नुसता डेमो. डेमोच्या आदल्या रात्री कोण जागलं ते पडद्यावर येत नाही. युनेस्कोने २०१० मध्ये अकरा देशांची ससाणे पाळण्याची परंपरा मानवी वारसा म्हणून नोंदवली, त्यात कतार होता. तो वारसा मला सोन्याच्या मुलाम्याच्या मोटरसायकलीपेक्षा त्या रोजच्या कामात दिसतो. आंकारानीची नजर उपरोधिक आहे हे मान्य. पण उपरोधालाही हे काम दिसायला हवं होतं.

आपल्याकडे याची नोंद फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोद आणि सारमेयविनोद, म्हणजे ससाण्याचा आणि कुत्र्यांचा खेळ, यांना स्वतंत्र प्रकरणं आहेत. ओवी गाणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांचा उल्लेख करणारा ग्रंथ तो हाच. म्हणजे विषय दख्खनच्या मातीतला आहे, लिहिणारा मात्र राजाच.

आणि इथेच कॉर्बेटचं प्रकरण मला अस्वस्थ करतं. महाराष्ट्रात जनावर-पाखराला शिकारीसाठी शिकवण्याची विद्या ज्यांच्या हाती खरोखर होती, ते पारधी. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा, त्याच्या हाकेला रानातले तित्तर भांडायला येतात आणि भोवती लावलेल्या फासात अडकतात. त्या एका तित्तराला माणसाळवून ओरडता ठेवायला जी चिकाटी लागते ती कॉर्बेटच्या चिकाटीपेक्षा कमी नाही. पण १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात झाली. तो शिक्का १९५२ साली कागदावर पुसला गेला, लोकांच्या मनातून किती पुसला ते आपण जाणतो. साहेबाने लांडोर पाडली तर साहित्य होतं, पारध्याने तित्तर धरला तर पोलीस येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार दोघांनाही बंद झाली, आणि मला ते योग्यच वाटतं. पण साहेबाची विद्या पुस्तकात तरी उरली. मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांवर लिहिताना अशा रानातल्या माणसांकडून मिळालेलं ज्ञान आवर्जून नोंदवलं, हे त्यांचे उपकार. तरीही पारध्याच्या तित्तरावर 'रॉबिन'च्या तोडीचं एखादं प्रकरण मराठीत माझ्या वाचनात अजून आलेलं नाही.

मुलांना 'रॉबिन' जरूर वाचून दाखवा. वाचताना पहिल्याच परिच्छेदावर थोडं थांबा. ते पिल्लू विकणारा एक झाडूवाला आहे. पिल्लाचा बाप शिकारीत तरबेज होता हे त्यानेच सांगितलं, सात पिल्लं टोपलीत घालून आणली तीही त्यानेच. कॉर्बेट त्याला एक थट्टेची पदवी देऊन पुढे जातो. नाव देत नाही. त्याने पिल्लाचं नाव ठेवलं होतं पिंचा. कॉर्बेटच्या लहानपणी एका कॉली कुत्र्याने त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला चवताळलेल्या अस्वलिणीपासून वाचवलं होतं. त्याची आठवण म्हणून पिंचाचा रॉबिन झाला.