जमिनीवरून उठताना

दिवाळी अंकातला टीकालेख म्हटला, की तो एखाद्या कादंबरीवर किंवा काव्यसंग्रहावर असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते. या खेपेला मी एका डॉक्टरांच्या संशोधनावर लिहिणार आहे, आणि तेही टीकाकाराच्याच भूमिकेवरून. कारण सरळ आहे. कथाकाराचे पहिले भांडवल म्हणजे नजर. माणसाकडे पाहावे कसे, याचा एक उत्तम नमुना मला कुठल्या कथेत नव्हे, तर मुंबईचे मज्जातंतुविकारतज्ज्ञ डॉ. सतीश खाडिलकर यांच्या कामात आढळला.

विषय आहे मुलांच्या स्नायुक्षयाचा. या विकारांत ड्युशेन हा सर्वांत परिचित. त्याचे सविस्तर वर्णन फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी 1868 मध्ये केले. तो बहुतांशी मुलग्यांनाच होतो. सुरुवातीची काही वर्षे पोरगा धडधाकट दिसतो. पोटऱ्या तर अशा भरलेल्या, की आजी कौतुकाने दृष्ट काढते. ती भर मात्र पुष्कळशी चरबीची असते. खालचा स्नायू झिजतच असतो. मग मूल पडू लागते, जिना चढताना थांबू लागते, आणि उपचार न झाल्यास साधारण बाराव्या वर्षाच्या आत त्याचे चालणे थांबते.

लंडनचे विल्यम गॉवर्स यांनी 1879 मध्ये हे मूल जमिनीवरून कसे उठते ते लिहून ठेवले. ते आधी पालथे होते, हातपाय टेकते, मग एकेक हात गुडघ्यावर, मांडीवर ठेवीत जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभे राहते. गॉवर्स लघुलेखनाचे मोठे पुरस्कर्ते होते. रुग्णापाशी जे दिसले ते जागीच टिपावे, असा त्यांचा आग्रह असे. म्हणूनच त्या वर्णनात सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही विशेषणाचा पसारा दिसत नाही. क्रियापदेच सारे काम करतात.

डॉ. खाडिलकरांनी हीच वाट पुढे नेली. स्नायुपेशीच्या आवरणात सार्कोग्लायकन नावाची चार प्रथिने असतात. त्यांतले एखादे बिघडले, की हालचालीगणिक ते आवरण दुबळे होत जाते. हा विकार मुलगे व मुली दोघांनाही होतो. दोष आई व वडील या दोघांकडून आलेला असतो. वरवर पाहता तो ड्युशेनसारखाच वाटतो. अशी मुले जमिनीवरून उठताना त्यांच्या मांड्या एकमेकींपासून फाकतात, हे खाडिलकरांनी व त्यांच्या सहकाऱ्याने हेरले आणि 2001 मध्ये प्रसिद्ध केले. मांड्या आत ओढणारे स्नायू आधी थकतात, बाहेर नेणारे तुलनेने शाबूत राहतात. म्हणून ही फाकण. या तपासणीला यंत्र लागत नाही. एक सतरंजी आणि दोन जागे डोळे पुरतात. महागडी जनुकतपासणी कोणत्या दिशेने करावी, याचा इशारा तेवढ्यावर मिळतो.

माझ्या मते हे निरीक्षण आपल्या देशात व्हावे, यात एक औचित्य आहे. आपण जमिनीवर बसणारी माणसे. पंगत, भजन, रोवणीच्या दिवसांतली बांधावरची न्याहारी, शाळेतली टाटपट्टी, सारे जमिनीवर. आपल्याकडचे मूल दिवसातून कितीतरी वेळा ही परीक्षा देत असते. परीक्षक मात्र नसतो.

पुढे 2009 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी मुंबई परिसरातल्या अशा रुग्णांची जनुके तपासली. उत्तर आफ्रिकेतल्या कुटुंबांमुळे आधीच ओळखीचा झालेला एक दोष, जनुकातले एकच अक्षर गळण्याचा, इथेही मोठ्या प्रमाणात सापडला. असे वाचले, की कादंबरीकाराच्या डोळ्यांपुढे लगेच गलबते आणि बंदरे उभी राहतात. पण पुरावा संपतो तिथे थांबणे हा शास्त्राचा धर्म आहे, आणि तो संयम आम्हा लेखकांना शिकण्यासारखा आहे.

आता उणी बाजू. हे सारे वाङ्मय इंग्रजीत आहे, आणि तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेले आहे. त्यात मूल उठते कसे ते कळते. त्याला घरी कोण उठवते, ते कळत नाही. दोष पोराच्या रक्तात आला म्हणून सासरी एकट्या आईला काय ऐकावे लागते, तेही कळत नाही. हा दोष एका डॉक्टरांचा नव्हे; त्या लेखनप्रकाराचीच ती मर्यादा आहे. ती भरून काढणे हे आमचे काम होते. आम्ही काय केले? आमच्या कथांतले पांगळे मूल बहुधा शेवटच्या पानावर वाचकाचे डोळे ओले करण्यासाठी येते. ते जमिनीवरून उठते कसे, हे मीही कधी लिहिले नाही.

लिहिले नाही, कारण पाहिलेच नव्हते. माझ्या वर्गात एक मुलगा प्रार्थनेनंतर नेहमी सर्वांच्या मागून उठे, गुडघ्यावर हात टेकीत. पोर चांगले गुटगुटीत. मी त्याला आळशी ठरवले आणि एकदा उठाबशा काढायला लावल्या. तिसऱ्या उठाबशीला तो बसला तो उठलाच नाही. वर्ग हसला; मी हसू थांबवले नाही. त्या पोराचा आजार मला फार उशिरा कळला, आणि गॉवर्सचे वर्णन वाचले तेव्हा मला त्या वर्णनात तोच दिसला.

पूर्ण बरे करणारे औषध आजही नाही. पण लवकर ओळखले, तर ड्युशेनमध्ये स्टिरॉइडने चालणे काही काळ लांबवता येते. व्यायामोपचार आणि हृदय-श्वासाची देखभाल यांनी आयुष्य वाढते. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात स्नायुक्षयाचे नाव स्पष्ट आहे. शाळेतल्या सोयीसवलतींवर या मुलांचा हक्क आहे. हे सारे सुरू व्हायचे, तर कोणीतरी आधी पाहिले पाहिजे, आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तो कोणीतरी बहुधा डॉक्टर नसतो. मास्तर असतो, आजी असते, शेजारीण असते.

म्हणून या संशोधनाला मी चांगल्या वाङ्मयाचा मान देतो. वाचून बाजूला ठेवल्यावरही ते नजर बदलते. या दिवाळीत फराळाची पंगत उठेल, तेव्हा सर्वांत शेवटी उठणाऱ्या मुलाकडे एकदा नीट पाहा. त्याला 'ऊठ लवकर' म्हणण्याआधी पाहा.