‘करमणे’ आणि ‘मनोरंजन’ : एका संकल्पित अभ्यासक्रमाविषयी

मनोरंजन व फुरसतीच्या सेवा हा स्वतंत्र व्यवसाय मानून त्याचे पदवीशिक्षण द्यावयाचे, ही प्रथा अमेरिकेतील विद्यापीठांत रुळलेली आहे. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासन, नाट्यशास्त्र व शारीरिक शिक्षण हे विषय निरनिराळ्या विभागांकडे आहेत. ही तिन्ही नावे साधनांवरून पडलेली आहेत. ज्याच्या वेळासाठी ही साधने, त्या माणसाचा विचार कोणी करावयाचा, हा प्रश्न उरतोच. असा अभ्यासक्रम आपल्याकडे निघाल्यास तो कोणत्या कल्पनेवर उभारावा, याचा काही उलगडा मराठी भाषेतूनच होण्यासारखा आहे.

‘मनोरंजन’ या शब्दात सकर्मक व्यापार आहे. एकजण रंजन करतो, इतर त्या क्रियेचे कर्म होतात. ‘करमणूक’ हा शब्द आज त्याच अर्थाने चालतो; परंतु त्याच्या मुळाशी असलेल्या ‘करमणे’ या क्रियापदाची घडण वेगळी आहे. ‘मला करमते’ या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत येतो. ‘मी त्याला करमतो’ असे कोणी म्हणत नाही. करमणे ही दुसऱ्यावर करावयाची क्रियाच नव्हे.

हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये आपल्या साप्ताहिकास ‘करमणूक’ हे नाव दिले. पुढे १९२३ च्या अधिनियमाने आकारलेले शुल्क ‘करमणूक कर’ म्हणून लोकांच्या परिचयाचे झाले. २०१७ मध्ये ते वस्तू व सेवा करात समाविष्ट झाले. तथापि करमणूक म्हणजे तिकीट काढून घ्यावयाची वस्तू, ही समजूत मागे राहिली. नव्या अभ्यासक्रमाने हीच समजूत पुढे चालविली, तर त्यातून विक्रेते तेवढे तयार होतील.

जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावी या भेदाला व्यावहारिक अर्थ आहे. ‘तो सध्या रिकामाच आहे’ म्हणजे त्याला फुरसत आहे असे नव्हे. त्याला काम नाही. कामातून काढावी लागते ती सवड, आणि काम नसताना वाट्याला येते ते रिकामपण. ऊसतोडणीसाठी परगावी कोपीत राहणाऱ्या कुटुंबास सवड नसते. त्यांच्यामागे घरी राहिलेल्या वृद्धांना करमत नसते. सुटी घालविण्यास निघालेला पर्यटक डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या शिक्षणात या दोघांनाही जागा नाही. वास्तविक वसतिगृहे, ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रे आणि ग्रामीण ग्रंथालये ही या शिक्षणाची खरी प्रयोगशाळा होय.

मात्र केवळ दृष्टी पालटून भागणार नाही. या ठिकाणी वेतनाची पदे निर्माण झाल्यावाचून विद्यापीठाने पदवी देऊ नये. अन्यथा दुसऱ्यांच्या फुरसतीचे शास्त्र शिकून गावी परतलेला तरुण स्वतःच ‘रिकामा’ म्हणून ओळखला जाईल.