हरिश्चंद्रगडाच्या एका जुन्या पानाचा सोर्स

सध्या मी सांभाळतो ते संकेतस्थळ अकोले तालुक्यातल्या किल्ल्यांचं आहे. एका डोंगरवेड्या ज्येष्ठ स्नेह्यांनी नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर यांच्या झुंजीच्या काळात ते हौसेने रचलं. रतनगड, पाबरगड, कुंजरगड, हरिश्चंद्रगड अशी एकेका गडाची पानं, आणि बहुतेक पानांतली वाट राजूरवरून जाते. आजच्या ब्राउझरात ती काही जागी शाबूत, काही जागी ढासळलेली दिसतात. पडझड शोधायला सोर्स उघडला आणि मी रचनेच्याच प्रेमात पडलो.

सगळ्यांत देखणं पान हरिश्चंद्रगडाचं. त्याच्या मध्यावर हाताने काढलेला नकाशा आहे. राजूरचा रस्ता, पाचनई, मंगळगंगेचा ओढा, मग गड, पश्चिमेला कोकणकडा, खाली तोलार खिंड आणि खिरेश्वर. फोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटवर एवढं मोठं चित्र उतरायला फार वेळ लागे. म्हणून त्यांनी नकाशाचे तुकडे केले आणि टेबलाच्या कप्प्यांत बसवले, कडा शून्य, मधली जागा शून्य. नकाशात उत्तर वर आहे, त्यामुळे साधारणपणे आधी राजूर उमटे, मग पाचनई, मग गड. ज्या क्रमाने भटक्या चालतो त्याच क्रमाने चित्र उतरतं. हे योगायोगाने झालं असेल असं मला वाटत नाही, कारण इतर पानांवर त्यांनी चित्रांचे असे तुकडे केलेले नाहीत.

या पानाच्या माथ्यावर डॉक्टाइपची ओळ नाही. ती नसली की आजचा ब्राउझरही ‘क्वर्क्स मोड’मध्ये जातो, म्हणजे जुन्या ब्राउझरांच्या कित्येक खोडी मुद्दाम पाळतो. पान ‘आधुनिक’ करायच्या उत्साहात कोणी एचटीएमएल ५ चा डॉक्टाइप घातला की नकाशाच्या प्रत्येक ओळीखाली पांढरी फट पडते. कारण सुंदर आहे. प्रमाण नियमांप्रमाणे चित्र म्हणजे ओळीतलं एक अक्षरच. ते मूळ रेषेवर बसतं, आणि अक्षरांच्या उकारांना लागते तशी जागा त्याच्याखाली मोकळी सोडली जाते. पाचनईची वाट त्या फटीत तुटते. चित्रांना ‘डिस्प्ले ब्लॉक’ असा नियम लावला की फट मिटते, पण मी डॉक्टाइप घातलेलाच नाही. जे पान क्वर्क्स मोडमध्ये बिनचूक उभं आहे त्याला हात लावायचं कारण मला दिसत नाही.

खरी पडझड मजकुराची. मजकूर सी-डॅकच्या ‘डीव्ही-टीटी योगेश’ या फाँटात टंकलेला होता. फाँट वाचकाच्या संगणकावर नसेल तर १९९७ च्या पिढीच्या ब्राउझरांनी दोन तोडगे दिले होते: मायक्रोसॉफ्टची ‘ईओटी’ फाइल, आणि नेटस्केपसाठी बिटस्ट्रीमची ‘पीएफआर’. स्नेह्यांनी दोन्ही जोडल्या होत्या, एवढी त्यांना वाचकाची काळजी. नेटस्केपच्या पुढच्या पिढीने पीएफआर सोडून दिलं. ईओटी फाइल संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधता येई, तशी ही बांधलेली होती. पत्ता बदलला आणि ती मुकी झाली. पुढे १५ जून २०२२ ला एक्स्प्लोरर ११ चा आधारही विंडोज १० वर संपला. मग तिथे मात्रा-टिंबांच्या रोमन अक्षरांचा कचरा दिसू लागला.

पण तो कचरा फाँटाच्या तक्त्याशी ताडून वाचला की लिहिणाऱ्याची बोटं दिसतात. छापखान्यात खिळे जुळवावेत तशी ही अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने लावली आहेत. ‘किल्ला’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. ‘दुर्ग’ लिहिताना आधी ग, मग त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: क आधी, वेलांटी नंतर, र आधी, ग नंतर. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये नेताना नुसता चिन्हामागे चिन्ह बदलणारा परिवर्तक पुरत नाही. वेलांटी पुढच्या अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते आणि रफार मागे आणावा लागतो. सह्याद्रीचं वर्णन तर ‘दऱ्या’ या शब्दावाचून होतच नाही. त्यातला आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र ला न दिसणारा जोडक लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधताना मात्र दोन वेगळे शब्द. मी सगळीकडे पहिली तऱ्हा ठेवली.

भंडारदऱ्याच्या पानावर धरणाच्या छायाचित्राखाली पाणी हलायचं. तो ‘लेक’ नावाचा जावा ॲप्लेट होता, त्या काळी जगभर हौशी पानांवर दिसे. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये असल्या प्लगइनांचा मार्ग बंद केला. तिथे आता स्थिर छायाचित्र आहे, तेवढं पुरे.

याउलट पावसाळ्यात वाट निसरडी असते हे सांगणारी सरकती ओळ आजही सरकते. ‘मार्की’ला एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथाने कालबाह्य ठरवलं, तरी ते कसं चालावं हेही त्याच ग्रंथात लिहून ठेवलं आहे. त्याहून हृद्य सोय ‘डॉक्युमेंट डॉट ऑल’ची. मेनू उघडणारी स्क्रिप्ट आधी विचारते, हे आहे का? असेल तर एक्स्प्लोररची वाट धरते. आजचे ब्राउझर या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात. पण न विचारता थेट वापरलं तर ते काम करतं. जुनी पानं मोडू नयेत म्हणून प्रमाणग्रंथाने भाषेचा नियम जाणूनबुजून मोडला आहे. स्नेह्यांनी शेवटी ‘गेट एलिमेंट बाय आयडी’ची आणखी एक वाट लिहून ठेवली होती. मेनू आज त्या वाटेने उघडतो.

फोनसाठी एकच ओळ वाढवली. पान ८०० बाय ६०० च्या पडद्यासाठी ७६० ठिपके रुंद रचलेलं आहे, म्हणून व्ह्यूपोर्टची रुंदीही ७६० ठेवली. मजकूर बारीक दिसतो, बोटांनी मोठा करावा लागतो. पण नकाशा अखंड राहतो, आणि पाचनईला जेमतेम रेंज असतानाही पान उघडतं.

सोर्समध्ये एसटीच्या वेळांच्या आधी आणि नंतर दोन टिपा आहेत. त्या ब्राउझर दाखवतच नाही, त्यामुळे त्या कुठल्याच ब्राउझरात मोडल्या नाहीत. रोमन अक्षरांतल्या मराठीत त्यांत लिहिलंय की राजूर स्थानकात विचारून वेळा बदलाव्यात, आणि या दोन खुणांच्या मधलंच बदलावं. मी स्थानकात विचारून आलो, नव्या वेळा भरल्या. खुणांच्या बाहेर काही हलवावं लागलं नाही.